जुनाट कंबरदुखी आणि बलोपासना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यानाचा लेखी मजकूर)





आज कोणत्याही गावच्या जिनमंदिरात वा स्वाध्यायभवनात पाऊल टाकले, की भिंतीलगत मांडलेली खुर्च्यांची रांग प्रथम नजरेत भरते. एका पिढीपूर्वी अशी खुर्ची अपवादानेच दिसे. सामायिकाच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, जमिनीवर स्थिर बसणारे श्रावक आता पन्नाशीच्या आतच खुर्ची मागू लागले आहेत. गुडघे हे त्याचे एक कारण आणि कंबर हे दुसरे. खुर्चीवर बसून केलेल्या सामायिकाला उणेपणा येतो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याला ती घ्यावी लागते त्याच्या मनाला ते बोचते. श्राविकांची व्यथा तर बहुधा बोललीही जात नाही. मुनिसंघ गावात आला असता चौका लावायचा, सोवळ्याचे पाणी भरायचे, तासन्‌तास उभे राहायचे. आणि नेमक्या त्याच दिवशी कंबर धरते. मग आहारदानाची संधी जावेकडे वा सुनेकडे सोपवून स्वतः बाजूला बसायचे.

या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे, की तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणारी ही कंबरदुखी विश्रांतीने नव्हे, तर बळ वाढविल्याने हटण्याची शक्यता अधिक असते. आणि ते बळ वाढविण्याचे साहित्य या सभागृहातील बहुतेकांच्या दुकानात धूळ खात पडलेले आहे.

बालाघाटाच्या या पठारावर कंबरेला सुख देणारा एकही व्यवसाय नाही. आडतीच्या दुकानात हमाल पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घेतो, तर मालक गादीवर लोडाला टेकून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून राहतो. आश्चर्य असे, की कंबर दोघांचीही दुखते. एकाची अतिश्रमाने, दुसऱ्याची श्रमाच्या अभावाने. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. भट्टीवरच्या कढईत उलथणे फिरविणारा माणूस तासन्‌तास अर्धवट वाकलेला असतो. ज्वारीची काढणी वाकून, भाकरी थापणे वाकून, धुणे वाकून. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने गावकऱ्यांच्या दुखण्यांची पाहणी केली, तेव्हा स्नायू व सांध्यांच्या विकारांत कंबरदुखी अग्रभागी आढळली. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांची ‘स्पाइन फाउंडेशन’ ही संस्था त्या कामात सहभागी झाली. कंबरदुखी हा खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाचा रोग आहे, ही समजूत त्या कामाने पुसून टाकली. जगाचा हिशेब पाहिला तर २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक या दुखण्याने ग्रासलेले होते.

आता दुखण्याचे स्वरूप पाहू जाता, बारा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात. अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे नव्वद जणांच्या बाबतीत एखाद्या विशिष्ट हाडावर, चकतीवर वा शिरेवर बोट ठेवून ‘हेच कारण’ असे खात्रीने सांगता येत नाही. सामान्य माणसाला हे पटत नाही. तो बार्शी, सोलापूर, प्रसंगी पुण्यापर्यंत जातो, एमआरआय काढतो, आणि अहवालात ‘चकती सरकली’, ‘मणक्यांची झीज’ असे शब्द वाचून घाबरतो. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांतील केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष निघाल्या. उरलेल्यांच्या चकत्यांत काही ना काही दोष होता; तरी ती माणसे सुखाने हिंडत-फिरत होती. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. चित्रात दिसणारा दोष आणि प्रत्यक्ष वेदना यांची सांगड दर वेळी बसतेच असे नाही.

तथापि येथे एक इशारा द्यायला हवा, आणि तो पुढील सर्व विवेचनाच्या आधी. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, विनाकारण वजन घटत असेल, रात्री पडल्या जागी वेदना वाढत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडणे वा अपघात झाला असेल, पाय लुळा पडू लागला असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजूनही दुर्मीळ नाही. बैठकीची जागा बधिर होणे, लघवी वा शौचावरचा ताबा सुटणे हे तर त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे लक्षण होय. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क भगिनींनीही आधी तपासून घ्यावे. पुढे जे सांगितले आहे ते उरलेल्या, आणि संख्येने फार मोठ्या, वर्गासाठी आहे.

या वर्गाला वर्षानुवर्षे सल्ला मिळाला तो असा: फळीवर झोपा, वाकू नका, उचलू नका, पट्टा बांधा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. ज्यांची कंबर नुकतीच धरली होती अशांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती दिली, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला ‘झेपेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवा’ एवढेच सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट; अंथरुणावरचा गट मागे राहिला. कंबर ताजी धरली असता व्यायामाची घाई नको, हाही त्यातला धडा आहे. तेव्हा हिंडते-फिरते राहणे पुरेसे. व्यायाम लागतो तो दुखणे मुरल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिलीच मार्गदर्शिका काढली. तीत रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे आणि आखीव व्यायाम यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून कंबर ताणणे आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांचा नित्याचा वापर टाळावा, असेही तीत म्हटले आहे. पट्टा आज कित्येक घरांत खुंटीला टांगलेला असतो आणि त्यावर पैसेही बरेच गेलेले असतात. त्याची आठवण करून दिल्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

विश्रांतीने कंबर दुबळी होते म्हणजे नेमके काय होते? कण्याच्या दोन्ही अंगांना, अगदी हाडाला चिकटून, आखूड व खोल स्नायूंची एक ओळ असते. मणक्यांना परस्परांवर सावरून धरणे हे त्यांचे काम. त्यांतला प्रमुख मल्टिफिडस. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की कंबर प्रथमच धरलेल्या रुग्णांची वेदना चार आठवड्यांत थांबली तरी दुखऱ्या बाजूचा हा स्नायू आपोआप पूर्ववत भरत नाही. ज्यांनी त्याचे खास व्यायाम केले त्यांचाच तो भरला. वेदना गेली, पण राखणदार अशक्तच राहिला. त्यात भीतीची भर पडते. एकदा कळशी उचलताना कंबर धरली, की माणूस कळशीलाच भिऊ लागतो. उचलणे टाळतो म्हणून स्नायू आणखी क्षीण होतात, आणि मग दोन किलोची पिशवीही जड वाटू लागते.

हे चक्र उलटे फिरविण्याचा मार्ग म्हणजे क्रमाक्रमाने वाढणारे ओझे. आधुनिक वैद्यकात त्याला शिस्त लावली ती थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याचे जायबंदी सैनिक त्याच्याकडे होते. त्यांच्या मांडीला हलक्या हालचाली देत बसण्याऐवजी त्याने मोजून वजने दिली, आणि जसजशी शक्ती येईल तसतशी ती वाढविली. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या तालमींना यात नवे काही वाटले नसते. नवा पठ्ठा मातीत उतरला, की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी मोजकेच जोर आणि मोजक्याच बैठका देतो, आणि संख्या चढवीत नेतो. करेल, मुद्गल, गदा ही सारी चढत्या ओझ्याचीच साधने. फरक एवढाच, की तालमीत दुखऱ्या माणसाला जागा नव्हती. डिलॉर्मने तालमीतले तत्त्व दुखऱ्या माणसाच्या खाटेपाशी नेले.

कंबरदुखीवर हे कितपत लागू पडते? स्वीडनमध्ये २०१५ साली ७० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम दिला, निम्म्यांना बिनवजनाचे हलके व्यायाम. दोन्ही गटांची वेदना कमी झाली. कोणता प्रकार वेदनेवर सरस, याचा निवाडा त्यातून झाला नाही. पण दुखऱ्या कमरेने वजन उचलणे म्हणजे अनर्थ, ही भीती मात्र खोटी ठरली. ज्यांची वेदना फार तीव्र आणि पाठ फारच दुबळी होती त्यांना वजनाचा लाभ कमी झाला, हेही त्या संशोधकांना आढळले. म्हणून अशांनी आरंभ बिनवजनाने करावा. २०२१ साली जगभरच्या २४९ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा शंभर गुणांच्या मोजपट्टीवर व्यायामाने वेदना सरासरी १५ गुणांनी उतरते, असे दिसले. साठावर असलेली वेदना पंचेचाळिसावर येणे म्हणजे चमत्कार नव्हे. परंतु साठावर जे सामायिक जमत नाही ते पंचेचाळिसावर जमू शकते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. देह आणि आत्मा भिन्न आहेत हे ज्या धर्माचे पहिले पाठ, त्या धर्माच्या व्यासपीठावर देह बळकट करण्याची चर्चा कशाला? उत्तर शास्त्रातच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे लक्षण सांगताना उमास्वामी आचार्यांनी उत्तम संहननाची अट घातली आहे. संहनन म्हणजे अस्थींच्या सांध्यांची बांधणी. नामकर्माच्या प्रकृतींत तिचे वज्रवृषभनाराचापासून सहा प्रकार गणले आहेत. चित्त एकाग्र करायचे तर हाडांचा सांगाडा टिकाव धरणारा हवा, हे आचार्यांना ठाऊक होते. पंचमकाळात उत्तम संहनन उरलेले नाही, असे पंडितजन सांगतात. ते खरेच आहे. मग जे कनिष्ठ प्रतीचे पदरी आले आहे त्याची तरी निगा राखायला हवी. भगवान बाहुबलींनी भरत चक्रवर्तींना दृष्टियुद्धात, जलयुद्धात आणि मल्लयुद्धात जिंकले, आणि नंतर वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले. कथेतला हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले दोन आठवडे वजन नको. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर वर उचलावी आणि पाच आकडे मोजेपर्यंत धरावी. गुडघे व तळहात सतरंजीवर टेकून एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवावा, मग बाजू बदलावी. पालथे निजून छाती किंचित उचलावी. ज्यांना भुजंगासन व शलभासन येते त्यांना निराळे शिकण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा. श्वास कोंडू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर मुळीच नाही. मोठ्याने आकडे मोजले, की श्वास आपोआप चालू राहतो. णमोकार म्हटला तरी हरकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून वजन. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून किराणा आणि भुसार दुकानांतली लोखंडी वजने निकामी होऊन कोपऱ्यात पडली आहेत. एक किलो, दोन किलो, पाच किलो, दहा किलो. शहरातल्या व्यायामशाळेत ज्यासाठी शुल्क भरतात ते हेच. मजबूत बंदांची कापडी पिशवी घ्यावी, तीत पाच किलो घालून ती गुडघ्याएवढ्या उंच स्टुलावर ठेवावी. पावले खांद्यांएवढी फाकवून पिशवीच्या अगदी जवळ उभे राहावे. आता वाकायचे ते कमरेत नव्हे, खुब्यात. दार जसे बिजागरीवर फिरते तसे धड खुब्यावर पुढे यावे, बैठक मागे जावी, गुडघे थोडे सैल, आणि पाठ काठीसारखी सरळ. पिशवी अंगालगत ठेवून उभे राहावे, तशीच सावकाश खाली ठेवावी. आठ ते दहा वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून, असे तीन फेरे. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. स्नायू भरतो तो त्या मोकळ्या दिवशी.

सलग दोन दिवस दहाही उचल सहज झाल्या, की पिशवीत एक किलोचे वजन टाकावे. एकच. व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको, की लहान वाढही रोजच्या हिशेबात मोठी होते. उंच स्टुलावरून सवय झाली, की पिशवी पाटावर, मग जमिनीवर. कोणी तीन महिन्यांत पंधरा किलोवर जाईल, कोणी आठावर थांबेल. शेजाऱ्याच्या पिशवीत किती आहे हे पाहू नये. इथेच तरुण मंडळी फसतात. याच्या जोडीला दोन हातांत दोन समान पिशव्या धरून अंगणात चाळीस पावले ताठ चालावे. भगिनींनी पाण्याची कळशी वापरली तरी चालते. तीत पाणी वाढविणे हे वजन वाढविण्यापेक्षाही सोपे. सुरुवातीला एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून आपली वाकण्याची रीत तपासून घ्यावी.

बळ वाढवायचे तर अन्नात प्रथिने हवीत. शरीराच्या एका किलोमागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम हा साधा हिशेब. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात; द्विदलाचा नियम पाळूनही डाळ आणि दूध वेगवेगळ्या वेळी घेता येते. केवळ भाकरी आणि पातळ आमटीवर स्नायू भरत नाहीत. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना सकाळची वेळ सोयीची. दशलक्षण पर्वात, अष्टाह्निकेत वा लांब उपवासात वजन उचलू नये. बिनवजनाचे प्रकार झेपतील तेवढे करावेत. पारण्यानंतर चार-पाच दिवसांनी पूर्वीच्या निम्म्या वजनाने पुन्हा सुरुवात करावी. दहा दिवसांत कमावलेले सारे जात नाही. फार काळ सोडले तर मात्र बळ घटते.

वेदनेचे काय? व्यायामाच्या वेळी थोडे दुखणे वर्ज्य नाही. ते चोवीस तासांत पूर्वपदावर आले तर ओझे योग्य आहे, असे समजावे. दुसऱ्या दिवशीही अधिकच दुखत राहिले तर पुढच्या खेपेस पिशवीतून दोन वजने काढावीत, पण खेप चुकवू नये. वेदना पायात खाली उतरू लागली, मुंग्या वाढल्या, तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. बरे वाटू लागल्यावर बहुतेक जण चौथ्या महिन्यात सोडून देतात आणि वर्षभरात पुन्हा तपासणीसाठी बार्शीच्या एसटीत बसतात. आठवड्यातून एक-दोन दिवस तरी पिशवी चालू ठेवणाऱ्याला ती फेरी टळण्याचा संभव अधिक.

प्रगती मोजण्यासाठी यंत्र नको. पहिल्या दिवशी घड्याळ लावून जमिनीवर किती मिनिटे बसवते ते दुकानाच्या वहीत लिहून ठेवावे. दर पंधरवड्याला पुन्हा मोजावे. १९५५ साली प.पू. आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेने पावन झालेले कुंथलगिरी याच तालुक्यात आहे. ज्यांनी कमरेमुळे खालूनच दर्शन घेण्याची सवय लावून घेतली आहे, त्यांनी बारा आठवड्यांनंतर डोंगर चढून पाहावा, आणि कुठे थांबावे लागले त्याची नोंद त्याच वहीत करावी.